शेगडी मेनोला, घर योझिनला

मी, फ्राउके वीर्सेमा, माहेरची हाउझिंगा, वय एकोणऐंशी, राहणार मोलनस्ट्राट सात, ओस्टरझाइल, ग्रोनिंगन प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझं हृदय थकलं आहे असं डॉक्टर म्हणतात. डोकं थकलेलं नाही असंही त्यांनीच लिहून दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही आणि कुणी गोड बोलून गुंडाळलेलंही नाही. गेली बारा वर्षं या घरात माझ्याशी कुणी गोड बोललेलंच नाही, आणि त्याचं कारण मी आहे.

२०१४ साली केलेलं माझं आधीचं मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावं. त्यात सगळं माझ्या मुलाला, मेनोला होतं, आणि एक वाक्य वेगळं होतं: 'माझ्या सुनेला या घरातला चमचाही मिळू नये.' तेव्हाच्या म्हाताऱ्या नोटरीने चष्मा वर करून विचारलं होतं, "बाई, चमचा खरंच लिहू?" मी म्हटलं होतं, "लिहा. आणि खाली रेघ ओढा."

तो नोटरी आता वारला. त्याच्या जागी आलेल्या श्रीमती वान डेर लान यांच्या हवाली हा कागद मी बंद पाकिटात करणार आहे. कायद्याच्या भाषेत तो त्या बसवून देत होत्या. मी नको म्हटलं. कायद्याची भाषा फार सभ्य असते आणि मला सभ्य राहायचं नाही.

कलम एक : घर

मोलनस्ट्राट सातचं हे घर, मागचं परस, कोळशाची जुनी खोली आणि दारापुढचा बाक यांसह, मी योझिन हेंड्रिक्स हिला देते. ती १९९९ ते २०१६ या काळात माझी सून होती. सध्या ती एका सायकलदुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते, आणि दुकानदाराला त्या खोल्या मुलासाठी हव्या आहेत. वसंत संपेपर्यंत तिला दुसरी जागा शोधायची आहे. हे मला तिने सांगितलेलं नाही. तिने मला काहीच सांगितलेलं नाही. पाव आणायला गेले तेव्हा कानावर आलं.

घर कसं आहे हे तिला ठाऊक आहे, तरी लिहिते. स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या भिंतीत तिरकी भेग आहे, तिच्यात आता करंगळी जाते. आमच्या गावाखालचा गॅस उपसून उपसून जमीन बसली, आणि जमीन बसली तशी घरंही. पुढच्या वर्षी भिंती मजबूत करायला माणसं येतील आणि त्याच वेळी गॅसची नळी रस्त्यापासून कापून टाकतील. म्हणजे या घरात गॅस हवा की वीज, हा प्रश्न आता कुणी कुणाला विचारणार नाही. ज्यावरून मी एका माणसाचा श्वास आणि दुसऱ्या माणसाची बारा वर्षं घालवली, तो प्रश्न एक कामगार येऊन अर्ध्या तासात संपवणार आहे.

कलम दोन : शेगडी

चार बर्नरची पांढऱ्या मुलाम्याची गॅसची शेगडी मी माझा मुलगा मेनो वीर्सेमा याला देते. ती त्याने स्वतः सोडवावी, स्वतः उचलावी, माणूस पाठवू नये. त्याचं स्वयंपाकघरं बसवून देण्याचं मोठं दुकान आहे. दर्शनी काचेत नव्या, काळ्या, गुळगुळीत विजेच्या शेगड्या मांडलेल्या आहेत. त्यांच्या मधोमध ही ठेवावी. ठेवली नाही तरी मी मेलेली असेन, मला कळणार नाही. पण त्याला कळेल.

शेगडीची हकिकत लिहिणं भाग आहे. त्याशिवाय बाकीचं कुणाला समजणार नाही.

१९६५ साली आमच्या भागात कोळशापासून केलेला शहरी गॅस बंद होऊन जमिनीतला गॅस आला. नवा गॅस जुन्या शेगड्यांना चालत नसे. प्रत्येक घरातल्या प्रत्येक बर्नरची पितळी तोटी बदलावी लागे. एकेका गल्लीचा गॅस सकाळी बंद करायचे, आणि पत्र्याच्या डब्यात तोट्या घेऊन तरुण मुलं दारोदार फिरायची. आमच्या दारात जो आला तो एल्टो. चोवीस वर्षांचा, कान बाहेर आलेले. त्याने तोटी बदलली, काडी ओढली, खाली वाकून ज्योतीकडे बघितलं आणि माझ्या आईला म्हणाला, "निळी आहे तोवर काळजी नाही. पिवळी झाली तर मला बोलवा."

तिसऱ्या दिवशी ज्योत पिवळी झाली. आठवड्याने पुन्हा झाली. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने बर्नर उचलला, आतली लोकरीची गुठळी चिमटीत धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "या गुठळ्या तुझ्याच स्वेटरच्या रंगाच्या कशा गं?"

आमचं लग्न त्या शेगडीवर जमलं. लग्नात आईने तीच आम्हाला दिली. एल्टो दर शनिवारी तिचे बर्नर काढून घासायचा, मी भांडी घासते त्याहून चांगले. एखाद्या घरात देव्हारा असतो तशी ती आमच्या घरात होती. हे मी अभिमानाने लिहीत नाही. देव्हाऱ्यापुढे माणसं कुणाकुणाचा बळी देतात, हे लिहिते आहे.

कलम तीन : हत्यारं आणि किरकोळ

एल्टोची चामड्याची हत्यारांची पिशवी गल्लीतल्या वुबो सिक्केमाला. तिच्यातला मोठा पाना त्याने १९८८ साली दोन दिवसांसाठी नेला आहे. पाना त्याच्याकडे आहेच, आता पिशवीही न्यावी, म्हणजे दोघांची भेट होईल.

शेजारीण हिल्ये बोल्हाउस हिला काही देत नाही. निळ्या नक्षीच्या बशांवर तिची नजर आहे, हे मी चाळीस वर्षं बघते आहे. ज्याला काही मिळत नाही त्यालाच साक्षीदार होता येतं, असं नोटरीबाईंनी सांगितलं, म्हणून तिला साक्षीदार केलं आहे. बशा घरासोबत जातील.

बँकेतल्या शिलकेतून माझ्या अंत्यविधीची कॉफी आणि केक व्हावा. केकचे तुकडे पातळ कापावेत. उरेल ते मेनोच्या कलमात बघावं.

कलम चार : मेनो

मुलाला पूर्ण वगळता येत नाही. कायद्याने जो किमान हिस्सा नाकारता येत नाही, तेवढाच मेनोला मिळावा, आणि तो बँकेतून द्यावा, घराला हात न लावता. कारण मी सविस्तर देते. उद्या तो कुणाला सांगेल की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती.

योझिन या घरात पहिल्यांदा आली ती मेनोची मैत्रीण म्हणून. दूर दक्षिणेची, लिंबुर्गची. तिकडची माणसं मोठ्याने हसतात आणि पाहुण्यापुढे अख्खा फळांचा केक ठेवून सुरी त्याच्याच हातात देतात. मी कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला. तिने एक घेतलं आणि बोलता बोलता दुसरं घेतलं. मी डब्याचं झाकण तिच्या बोटांवर लावता लावता थांबले. ती गेल्यावर मी मेनोला म्हटलं, "हावरट आहे."

"आई, तिला भूक लागली होती. साडेतीन तास प्रवास करून आली."

"भूक लागली तर गाडीत खायचं असतं."

सुरुवात ही अशी. पुढचं तेवढ्याशावरून वाढत गेलं.

योझिन आजारी माणसांच्या घरी जाऊन सेवा करायची, अजून करते. २०१२ च्या उन्हाळ्यात एल्टोचा खोकला वाढला. चाळीस वर्षं लोकांच्या भट्ट्या, धुराडी आणि बंद खोल्यांत घालवलेली त्याची छाती होती. एका रविवारी योझिन मला ओट्याशी हळूच म्हणाली, "आई, बाबांना सगळ्यात जास्त खोकला कॉफीच्या वेळी येतो, बघितलंत का? शेगडी पेटली की येतो. निदान खिडकी उघडी ठेवा. नाहीतर एखादी विजेची शेगडी तरी घ्या, छोटीशी. जेवण गॅसवर करा, कॉफी तिच्यावर."

मी म्हटलं, "ज्या माणसाने अख्ख्या प्रांताला गॅस जोडून दिला, त्याच्या घरात गॅस कसा वापरायचा हे लिंबुर्गच्या पोरीने शिकवायचं?"

ती म्हणाली, "मी गॅसबद्दल नाही बोलत. बाबांबद्दल बोलते आहे."

मी खिडकी लावून घेतली. तिच्यादेखत.

मग डिसेंबरची पाच तारीख आली. भेटी वाटणाऱ्या संताच्या, म्हणजे सिंटच्या, रात्री आमच्याकडे काय चालतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे, पण कागद पूर्ण असावा. आधी चिठ्ठ्या टाकून ज्याने त्याने एकेकाचं नाव उचलायचं. त्याला भेट द्यायची, ती कसल्या तरी सोंगात लपवायची आणि सोबत यमक जुळवलेली कविता द्यायची. देणाऱ्याने नाव सांगायचं नाही, कारण सगळं सिंटने लिहिलेलं असतं. वर्षभर तोंडावर जे बोलता आलं नाही ते कवितेत बोलायचं, आणि ज्याला ते लागेल त्याने ते स्वतः उभं राहून मोठ्याने वाचायचं. आणि हसायचं. न हसणाऱ्याला आमच्यात माणूस म्हणत नाहीत.

एल्टोच्या मांडीवर पुठ्ठ्याची शेगडी आली, चार बर्नर चांदीच्या कागदाचे. त्याने चष्मा लावला आणि वाचलं. तो कागद मी जपून ठेवला आहे, त्यातून उतरवते :

*दारोदारी फिरून ज्याने पेटवली आग*
*तीच आता काढत आली छातीचा त्याच्या माग.*
*निळी निळी ज्योत तुझी, काळा काळा श्वास,*
*सोड की रे म्हाताऱ्या तो गॅसचा वास!*
*ही घे थंड चूल, जिला ना ज्योत, ना धूर,*
*खोकायचंच असेल तर खोक जरा दूर!*

शेवटच्या ओळीवर त्याला खरोखरच ढास लागली. सगळे हसले. तोही हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते कशाचं होतं ते मला ठरवता आलं नाही. मग त्याने पुठ्ठा फाडला. आत एक छोटी विजेची शेगडी होती, एका भांड्यापुरती.

"फ्राउ, बघ गं, वायरीसकट आहे. लावून बघू या का?"

मी योझिनकडे बघितलं. ती खाली बघत होती. उन्हाळाभर जी बाई विजेच्या शेगडीचं तुणतुणं वाजवत होती तिचंच हे काम, यात शंका ती काय! मी म्हटलं, "त्या बाईची चूल माझ्या ओट्यावर येणार नाही."

नवऱ्याने त्यानंतर मला आणखी दोनदा विचारलं. एकदा नाताळच्या सकाळी : "कॉफीपुरती गं. मला बरं वाटतं का ते तर बघू." एकदा नव्या वर्षात. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. त्यापुढच्या खेपेला त्याने विचारलं नाही, खोक्याकडे नुसतं बघितलं. अकरा जानेवारीला तो गेला. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की शेगडी बदलून तो वाचला नसता. मी विचारलं, "श्वास सोपा झाला असता का?" त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "कॉफीच्या वेळी तरी, हो."

ते खोकं अजून कपाटावर आहे.

मी माझ्यावर रागवायला हवं होतं. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी योझिनवर रागावले. अंत्यविधीला मी तिला मागच्या रांगेत बसवलं. आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात, त्यावरून तिचं नाव खोडलं, आणि नुसतं खोडलं नाही, त्या जागी दातांच्या डॉक्टरची वेळ लिहिली. ती घरात आली की मी मेनोशीच बोलायची : "तिला विचार, कॉफी घेणार का." ती समोर बसलेली असायची. एकदा तिने मला विचारलं, "मी काय केलं ते मला एकदा सांगाल का?" मी म्हटलं, "सिंटला विचार." ती काहीतरी बोलायला गेली, तिने मेनोकडे बघितलं, आणि कप तोंडाला लावला. मेनो केकचा तुकडा मोडत होता.

२०१६ साली ते वेगळे झाले. ज्या दिवशी मेनोने फोन केला त्या दिवशी मी शनिवार नसताना बर्नर घासले.

आता गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. मेनोच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याने रंगीत पत्रक छापलं, गावभर वाटलं. माझ्याही पेटीत आलं. पहिल्या पानावर चकचकीत विजेची शेगडी आणि वर मोठ्या अक्षरांत :

*निळी निळी ज्योत आणि काळा काळा श्वास,*
*सोडा आता तरी मंडळी, तो गॅसचा वास!*

मी ते उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्चीत बसून वाचलं. कपाटातून जुना कागद काढून शेजारी ठेवला. मग फोन केला.

"मेनो, पत्रकातली कविता कुणी केली?"

"आवडली? मीच केली. एजन्सीवाले नुसतं गद्य देत होते."

"कधी केलीस?"

तो जरा हसला. मग म्हणाला, "अगं आई, जुनी होती पडून. चांगली ओळ वाया कशाला घालवायची?"

"तुझ्या बापावर केलेली होती ती."

"सिंटची कविता होती ती! बाबा हसले होते. तुला आठवत नाही का?"

"मला वाटलं, योझिनने केली."

"शेगडी तिचीच होती. बाबांच्या नावाची चिठ्ठी तिला आली होती. तिला यमक जमेना, म्हणून मी लिहून दिली. तिने वाचलीसुद्धा नव्हती आधी, मी थेट पुठ्ठ्यात चिकटवली."

"आणि बारा वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे, आई? तू तर ठरवूनच टाकलं होतंस. आणि खरं सांगू? तुझी एकीवर नजर असली की दुसऱ्याला जरा मोकळं वाटतं."

मी त्याला तसाच वाढवला आहे, हे मला मान्य आहे. म्हणून त्याला शिक्षा करते आहे असं समजू नये. तो या घरात वाढला, खिडकी बंद असताना वाढला. पण घर मी त्याला देणार नाही. पत्रकाची चौकट करून शेगडीसोबत त्याला द्यावी.

कलम पाच : योझिन, आणि हे मृत्युपत्र टिकण्याची अट

माझ्या पायांना सूज येते. त्यांवर रोज सकाळी घट्ट मोजे चढवावे लागतात. ते स्वतःला चढवता येत नाहीत, म्हणून सेवासंस्थेची बाई येते. तीन वर्षांपूर्वी दार उघडलं तर समोर योझिन. संस्थेचं कार्यालय शहरात आहे, आडनावं वेगळी, त्यांना नातं माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "तू का आलीस?"

ती म्हणाली, "यादीत नाव होतं. ओस्टरझाइलला दुसरं कुणी तयार नव्हतं. पाय वर घ्या."

त्या तीन वर्षांत मी तिच्याविरुद्ध अकरा तक्रारी केल्या. तिचे हात गार असतात. ती गुणगुणते. ती गुणगुणत नाही, घुम्यासारखी बसते. ती दक्षिणेची आहे. संस्थेतली मुलगी दर वेळी म्हणायची, "आजी, माणसं मिळत नाहीत हो." आणि योझिन दुसऱ्या दिवशी पावणेआठला हजर. माझ्या अंगाला दुसरं कुणी हात लावत नाही. मेनो आला तर खांद्याजवळची हवा थोपटतो.

पत्रक आल्यावर दुसऱ्या सकाळी ती माझ्या पायांशी बसली असताना मी विचारलं, "कविता मेनोने केली, हे तुला माहीत होतं?"

तिने मोजा टाचेवरून ओढून घेतला. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी तो नवरा होता म्हणून. नंतर, तुम्हाला मीच हवी होते म्हणून. मी सांगितलं असतं तर तुम्ही मला खोटारडीही म्हणाला असतात." दुसरा पाय मांडीवर घेतला. "शेगडी माझीच होती, आई. ती तुम्ही लावली नाहीत. कवितेचं मला काही वाटत नाही. बाबांनी मला दवाखान्यात विचारलं होतं, 'तिने लावली का गं ती?'"

त्या खेपेला तिने मला बऱ्याच वर्षांनी आई म्हटलं. चुकून म्हटलं असणार. नंतर पुन्हा म्हटलं नाही.

मी म्हटलं, "योझिन, मला तुझी..."

"नको." तिने हात वर केला. "माफी मागू नका. तुम्ही मोकळ्या व्हाल आणि मी घरी जाऊन तिचं काय करू? चमच्याचं वाक्य मला मेनोने भांडताना ऐकवलं होतं. आता माझंही तेच. तुमच्याकडून मला चमचाही नको. उद्या पावणेआठ."

मी नोव्हेंबरात नोटरीबाईंकडे गेले आणि घर योझिनला लिहून द्या म्हटलं. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग विचारलं, "श्रीमती वीर्सेमा, तुमचे मोजे कोण चढवतं?"

"तीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हे टिकणार नाही. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला त्या आजारात केलेल्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. उद्या तुमचा मुलगा ते सहज मोडून काढेल."

"ती थांबली तर?"

"खरोखर थांबायला हवी. कागदावर नोंद हवी. त्यानंतर सही. आणि सहीनंतर पुन्हा तिने यायचं नाही, कधीच."

"म्हणजे घर किंवा मोजे."

"तसंच समजा. तुम्ही तिला सांगत का नाही? ती स्वतःहून थांबेल."

"सांगितलं तर ती घर घेणार नाही. माझे पाय घेऊन बसेल. मला शिक्षा म्हणून."

नोटरीबाई तरुण आहेत. त्या म्हणाल्या, "कदाचित शिक्षा म्हणून नसेल."

मला हे नको होतं ऐकायला. मी चार महिने काही केलं नाही. चार महिने रोज सकाळी पावणेआठला पाय वर घेतले आणि स्वतःला सांगितलं, अजून थोडे दिवस. डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं की थोडे दिवसही मोजून आहेत. मग पावाच्या दुकानात त्या खोल्यांचं ऐकलं.

योझिन, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा तू उठून जाशील. जाऊ नकोस, एवढा परिच्छेद ऐक.

बारावी तक्रार टिकायला हवी होती. म्हणून मी ठरवलं की ती खरी असायला हवी. तेरा मार्चला तू उजवा मोजा चढवत असताना मी तुझ्या हातावर कॉफी ओतली. सांडली नाही, ओतली. तू माझ्याकडे बघितलंस. हात टॉवेलला पुसलास, मोजा पूर्ण चढवलास, सुरकुती सारखी केलीस, मग उठलीस. कॉफी मी आधी वीस मिनिटं गार करून ठेवली होती. तुझ्या लक्षात आलं असेल की नाही, ते मला ठाऊक नाही. येऊ नये म्हणून मी तोंड तसं केलं होतं.

तू गेल्यावर मी संस्थेला फोन केला आणि म्हटलं, "ती सतरा वर्षं माझी सून होती. मी तिचा रोज अपमान करते, आज तिच्या हातावर कॉफी ओतली, उद्याही ओतेन." त्या मुलीने पहिल्यांदाच 'माणसं मिळत नाहीत' म्हटलं नाही. तिने सगळं लिहून घेतलं, तारीख विचारली, आणि तुझं नाव माझ्या यादीवरून कायमचं काढलं.

तू किल्ली द्यायला आलीस. दारातच उभी राहिलीस. "बाराव्यांदा जमलं तुम्हाला," म्हणालीस. "मेनो म्हणायचा, आईत मूळचीच खोट आहे. मी म्हणायचे, नाही, म्हातारीला दुःख झालंय. तोच बरोबर होता."

मी म्हटलं, "किल्ली टेबलावर ठेव."

तोंडाशी दुसरं काही आलं होतं. ते बोलले असते तर हे घर तुझं झालं नसतं.

आता दीपा नावाची नवी मुलगी येते. सारखं आजी आजी करते, आणि मोज्याला टाचेवर सुरकुती ठेवते. दुपारपर्यंत तिथे वळ उठतो. तिची तक्रार करणार नाही.

घर घे. माफ करू नकोस, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. नकोच असेल तर विकून दुसरं घे, जिथे भिंतीला भेग नसेल. कपाटावरचं खोकं तुझंच आहे. ते मी परत करते आहे, देत नाही, तेव्हा चमच्याचा प्रश्न येत नाही.

कलम सहा : अंमल

या मृत्युपत्राचा अंमल श्रीमती वान डेर लान यांनी करावा. मेनोने ते मोडायचा प्रयत्न केला तर संस्थेच्या दप्तरातली तेरा मार्चची नोंद, माझी कबुली आणि योझिनने किल्ली परत केल्याची पावती न्यायालयापुढे ठेवावी. तिन्हींच्या प्रती जोडल्या आहेत. मी जिवंत असेपर्यंत यातला एक शब्दही योझिनला कळू नये. ती रस्त्यात भेटली आणि तिने मान वळवली, तर वळवू द्यावी.

हे सगळं मी एका बैठकीत लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि यातलं काही बदलायची माझी इच्छा नाही.

फ्राउके वीर्सेमा
ओस्टरझाइल, २७ मार्च २०२५

आम्ही खाली सही करणारे, हिल्ये बोल्हाउस, मोलनस्ट्राट नऊ, आणि रेम्को दाल्स्त्रा, नोटरी कार्यालयातील कारकून, लिहून देतो की श्रीमती वीर्सेमा यांनी वरील सही आमच्यासमोर, पूर्ण भानावर राहून केली. सही करण्याआधी नोटरीबाईंनी त्यांना विचारलं की बारावी तक्रार अजूनही मागे घेता येईल, योझिनबाई उद्या सकाळपासून परत येतील आणि हा कागद फाडता येईल, तर तसं करायचं आहे का. श्रीमती वीर्सेमा यांनी "नाही" असं सांगितलं. आवाज नीट न आल्यामुळे पुन्हा विचारावं लागलं. त्यांनी पुन्हा "नाही" असंच सांगितलं.

हि. बोल्हाउस
रे. दाल्स्त्रा